एमवायचं देणं

सरकारी दवाखाना बरा की खासगी, हा वाद इंदूरला नवा नाही. मी मूळचा इंजिनिअर. वाद निघाला की आधी पाया तपासतो. इथे १८७८ साली मेडिकल स्कूल निघालं, पुढे ते किंग एडवर्डच्या नावानं ओळखलं गेलं. १९४८ मध्ये महात्मा गांधी मेडिकल कॉलेज आलं. त्याचं मोठं हॉस्पिटल म्हणजे महाराजा यशवंतराव होळकरांच्या नावाचं आपलं 'एमवाय'. शहरातले कितीतरी खासगी डॉक्टर तिथेच, गरिबांच्या खाटांशेजारी उभं राहून शिकले.

वडिलांचं ऑपरेशन मी खासगीत करवलं. सर्जन एमवायमध्येच तयार झालेले. बिल चुकतं केलं. पण ज्या पेशंटांवर त्यांचा हात बसला, त्यांचं देणं राहिलंच की! म्हणून 'एमवाय फक्त गरिबांचं' हे मला पटत नाही.