सोसायटीतल्या लिलावाचं कूळ

बोरिवली-मुलुंडच्या सोसायट्यांत क्रिकेटच्या सामन्यांआधी क्लबहाऊसमध्ये खेळाडूंचा लिलाव भरतो. बी विंगचा डावखुरा चारशे पॉइंटला जातो, सेक्रेटरी ‘अनसोल्ड’ राहतात. आयपीएलची नक्कल, असं म्हणून सगळे मोकळे होतात. माझं म्हणणं, मुळात आयपीएलच एका लुटुपुटीच्या खेळाची नक्कल आहे.

घाटकोपरचे एक जाणकार हे मानत नाहीत. एक वार, दोन वार, तीन वार हा पुकारा देवळातल्या नारळाच्या लिलावाचा. बोली लावायचं वळण भिशीचं, असं ते सांगतात. पुकारा आपलाच, कबूल. पण नारळ ज्याचा खिसा जड त्याचा. खेळाडूंच्या लिलावात प्रत्येक मालकाची पर्स सारखी आणि तेवढ्यातच अख्खा संघ बसवायचा. कूळ शोधायचं तर या सारख्या पर्सचं शोधायला हवं.

आपल्या गल्लीत ती नव्हती. दोन कप्तान, नाणेफेक, मग आळीपाळीने भिडू मागायचे. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये 1936पासून चालत आलेला ड्राफ्टही आळीपाळीचाच. विंकनबाख या ओकलंडच्या गृहस्थाने 1962मध्ये काल्पनिक फुटबॉल संघांचा खेळ काढला, त्यातही तेच.

पर्स सापडते ती हार्वर्डच्या एका समाजशास्त्रज्ञाकडे. विल्यम गॅमसनने 1960मध्ये मित्रांसाठी बेसबॉलचा खेळ रचला: प्रत्येकाला एक लाख काल्पनिक डॉलर, त्यातून खऱ्या खेळाडूंवर बोली. पुढे तो मिशिगन विद्यापीठात गेला, खेळही सोबत गेला. तिथे तो खेळणाऱ्या प्राध्यापक स्क्लार यांच्याकडून डॅनियल ओक्रेंट या विद्यार्थ्याला त्याची खबर लागली. ओक्रेंटने 1980मध्ये न्यूयॉर्कच्या एका फ्रेंच खानावळीच्या नावाने ‘रोटिसरी लीग’ काढली. पर्स 260 डॉलर, खेळाडू 23. काही वर्षांत अमेरिकेला त्याचं वेड लागलं.

त्याच दशकात पुढे आयपीएल उभी करणारे ललित मोदी अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात शिकत होते. 20 फेब्रुवारी 2008ला नरिमन पॉइंटच्या हॉटेलात आयपीएलचा पहिला लिलाव झाला, तेव्हा आठही संघांची पर्स 50 लाख डॉलर. युरोपातले फुटबॉल क्लब एकेक खेळाडू सौदा करून घेतात, अमेरिकी लीग ड्राफ्ट करतात. सारख्या पर्सचा लिलाव रुळला होता तो फक्त काल्पनिक लीगमध्ये. तिथूनच तो उचलला, हा माझा पक्का कयास. त्याच वर्षी मुंबईत सुरू झालेल्या ड्रीम११ या काल्पनिक संघांच्या ॲपवरही अकरा जणांसाठी 100 क्रेडिट मिळायची. ऑगस्ट 2025च्या कायद्याने तिथले पैशांचे सामने थांबले.

हॉकी इंडिया लीगनेही ऑक्टोबर 2024मध्ये सारख्या पर्सचाच लिलाव केला: चार कोटी, 24 खेळाडू. सूरमा संघाने ड्रॅगफ्लिकर हरमनप्रीतला 78 लाख दिले. उरलेल्या 23 जणांसाठी राहिले सरासरी 14 लाख. मी एवढे मोजले नसते. बंगालने जुगराज हा ड्रॅगफ्लिकर 48 लाखांत घेतला आणि अंतिम सामन्यात त्याच्याच तीन गोलांवर हैदराबादला 4-3 हरवलं. अर्थात याच बंगालने अभिषेकवर 72 लाख ओतले होते, ते माझ्या हिशेबाच्या आड येतं.