कागदावरून कुंपणावर

रास्पबेरी म्हटली की मराठी माणसाला महाबळेश्वर आठवते, आणि आठवते ते फळ. पण याच कुळातला एक वेल पाश्चात्त्य बागांत केवळ पानांसाठी लावतात. त्याचे शास्त्रीय नाव रुबस हेन्रायी. मूळचा मध्य आणि पश्चिम चीनचा, सदाहरित, वीस फुटांपर्यंत चढणारा. पान खोलवर तीन भागांत चिरलेले, वरून गडद हिरवे नि तुकतुकीत, खालून पांढऱ्या दाट लवीचे. वारा आला की अख्खे कुंपण क्षणभर पांढरे होते. उन्हाळ्यात लहान गुलाबी फुले येतात, मागून काळी चकचकीत फळे.

ज्या ऑगस्टीन हेन्रीच्या नावाने हा वेल ओळखला जातो, तो आयर्लंडमध्ये वाढलेला, वैद्यकी शिकलेला तरुण. १८८१ साली तो चीनच्या सागरी जकात खात्यात लागला आणि पुढच्याच वर्षी यांगत्से नदीकाठच्या यिचांगला गेला. चिनी औषधांत कोणकोणत्या वनस्पती वापरतात याची माहिती खात्याला हवी होती, ते काम त्याच्याकडे आले. औषधांची चिनी नावे मिळत, पण झाड नेमके कोणते हे सांगणारे तिथे कोणी नव्हते. म्हणून १८८५ मध्ये त्याने लंडनच्या क्यू उद्यानाला पत्र घातले, आणि मग हजारोंनी वाळवलेले नमुने तिकडे रवाना होऊ लागले. सगळे त्याने एकट्याने खुडलेले नव्हेत. स्थानिक माणसांना हाताशी धरून त्याने हे काम शिकवले होते. डोंगरदऱ्या त्यांनीही तुडवल्या. वेलाच्या नावात मात्र एकटा हेन्री उरला, हे मला खटकते.

१८८७ मध्ये हेम्स्ली आणि कुंट्झे या वनस्पतिशास्त्रज्ञांनी या वेलाचे वर्णन प्रसिद्ध केले. जगाला तो ठाऊक झाला खरा, पण संग्रहातल्या कागदावर चिकटवलेल्या वाळलेल्या पानांच्या रूपात. त्या कागदातून रोप कसे उगवणार? त्यासाठी बी हवे, आणि बी पिकेल तेव्हा तिथे हजर असणारा माणूस हवा. नोकरी सांभाळून हे आपल्याच्याने होणार नाही, हे हेन्रीला कळत होते. कोणीतरी पूर्णवेळ संग्राहक पाठवा, असे तो लिहीत राहिला.

तो माणूस आला १८९९ मध्ये. चेल्सीच्या व्हीच रोपवाटिकेने अर्नेस्ट विल्सन या तरुणाला चीनला धाडले, तेही मुख्यतः रुमालासारख्या पांढऱ्या फुलोऱ्याच्या डेव्हिडिया वृक्षाचे बी आणायला. हेन्रीची बदली तोवर युन्नानमधल्या सिमाओला झाली होती. तिथवर जाऊन विल्सन त्याला भेटला आणि कागदावर हाताने काढलेला नकाशा घेऊन परतला. नकाशातला तो वृक्ष गाठला, तर तो तोडून त्याच्या लाकडाचे घर बांधलेले! विल्सनला इतरत्र दुसरे डेव्हिडिया सापडले, आणि त्याच मोहिमेत, १९०० मध्ये, आपल्या वेलाचे बीही इंग्लंडला पोचले. वर्णनापासून बागेपर्यंत तेरा वर्षे. संग्रहातला कागद आणि जमिनीतले रोप यांच्यामधले हे अंतर मला या कथेतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. हेन्रीने पुढे वनशास्त्राला वाहून घेतले आणि डब्लिनमध्ये त्या विषयाचा प्राध्यापक झाला.

या वेलाच्या एका प्रकाराला बांबूसारम म्हणतात, म्हणजे बांबूच्या बेटातला. त्याची पाने तीन सुट्या, अरुंद पर्णिकांची, जास्त नाजूक. लावायचाच तर मी हा निवडेन. मुळाशी ओलसर, पाने कुजलेली माती आणि थोडी सावली हवी. त्याला तणावे नसतात. बारीक आकडेदार काट्यांनी तो अडकत जातो, म्हणून कोवळे फुटवे जाळीला किंवा तारेला बांधावे लागतात. फुलून गेलेल्या जुन्या फांद्या बुडापासून कापाव्यात. नवे रोप हवे असेल तर शेंडा वाकवून मातीत दाबावा. मुळे धरली की तो तोडून वेगळा लावता येतो.