पाखरं जाळं घेऊन उडाली तेव्हा

मागच्या बैठकीत आम्ही बचतीचा हिशेब करत बसलो होतो आणि कोपऱ्यात लेकरं मोबाईलवर कार्टून पाहत होती. कुत्रा, मांजर, उंदीर यानात बसून चंद्राकडे निघालेले, आणि पोरं हसून हसून लोळत होती. खरी लायका, मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी कुत्री, १९५७ साली अवकाशात गेली ती काही परत आली नाही. पण कार्टूनमधले सगळे परत येतात. तेवढ्यात एका पोरीने विचारलं, "माय व, हे कोनं काढलं? आपल्या इकडच्या कोन्या बाईनं काढलं काय?" हिशेब थांबला. कोणालाच सांगता येईना. मग आम्ही विचारपूस केली, वाचलं. आजचं बोलणं त्याचंच.

आधी हे चित्र हलतं कसं ते पाहू. पडद्यावर एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. प्रत्येक चित्र आधीच्यापेक्षा थोडंसं वेगळं असलं की डोळ्याला वाटतं, प्राणी चालला. सात मिनिटांचा चित्रपट म्हणजे दहा हजारांवर चौकटी. एकच चित्र दोन चौकटींना वापरलं तरी पाच हजार होतात. मागचं झाड, डोंगर एकदाच काढायचा आणि पारदर्शक कागदावरचा प्राणी तेवढा बदलत राहायचा, ही जुनी युक्ती. गोधडीच्या टाक्यांसारखंच हे काम. एक टाका कोणी पाहत नाही, पण सोडूनही चालत नाही.

आपल्या मराठी मुलखात ही युक्ती दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली केली. कुंडीत वाटाणा लावला, रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि पडद्यावर वेल डोळ्यांदेखत वाढला. तो पाहून लोक पैसे लावायला तयार झाले. पुढे 'राजा हरिश्चंद्र' झाला, तो सगळ्यांना माहीत आहे. सरस्वतीबाई फाळके मात्र कमी जणींना माहीत असतात. अंधारात बसून कच्च्या फिल्मला भोकं पाडणं त्यांच्याकडे, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. दागिने गेले ते वेगळे. पुढे १९३४ साली प्रभात कंपनीने 'जंबूकाका' नावाचं कोल्ह्याचं कार्टून केलं. ते रघुनाथ केळकरांनी काढलं होतं.

पोरीच्या प्रश्नाचं खरं उत्तर आम्हाला सापडलं ते विजया मुळे यांच्यात. मुंबईत १९२१ साली जन्म. लग्नानंतर पाटण्याला गेल्या, तिथे पुन्हा शिक्षण धरलं आणि पुढे इंग्लंडात लीड्सला जाऊन शिक्षणशास्त्र शिकल्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. १९७४ साली त्यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी 'एक अनेक और एकता' केला. चित्रं आणि हालचाल भीमसेन यांची, संगीत वसंत देसाईंचं. गाणारी साधना सरगम तेव्हा लहान मुलगी होती.

गोष्ट आपली जुनीच. एक पोरगा ताईला विचारतो, अनेक म्हणजे काय? ताई सूर्य, चंद्र, तारे दाखवून समजावते. मग पाखरांची गोष्ट येते. दाण्याच्या लोभाने पाखरं जाळ्यात सापडतात, एकदम जोर लावून जाळंच घेऊन उडतात, आणि मित्र उंदीर ते कुरतडून देतात. शिकारी धावत राहतो, लेकरं हसतात. एकीचं महत्त्व सांगायला भाषण नाही, त्यामुळेच तो आम्हाला आवडला. त्याला सर्वोत्तम शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि दूरदर्शनवर तो वर्षानुवर्षं लागत राहिला. आमच्यातल्या दोघी-तिघींनी तो लहानपणी पाहिला होता. पण करणारी बाई आहे, तीही मराठी, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

अक्का पुढे अवकाशाशीही जोडल्या गेल्या. ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखवले गेले, सकाळी शाळेतल्या मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी. मुलांच्या कार्यक्रमांचं काम अक्कांकडे आलं. उपग्रह ३६,००० किलोमीटर उंच, आणि चित्र पकडायला गावात दहा फुटांची छत्री. तिला जाळी कोणती, तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी! महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, याची आम्हाला आजही चुटपुट वाटते. अक्का २०१९ साली गेल्या.

हे सगळं लेकरांना सांगितलं आणि जुन्या वहीच्या कोपऱ्यात, २४ पानांवर, एक माकड काढायला बसवलं. एका सेकंदासाठी अख्खी दुपार गेली. पानं भरभर सोडली की माकड संत्र्याच्या झाडावरून उडी मारतं. मधली दोन पानं चुकली आहेत, तिथे ते थोडं लंगडतं. आता पोरीला ते चंद्रावर न्यायचं आहे आणि तिने आमच्याकडे आणखी वह्या मागितल्या आहेत. कोणाकडे एका बाजूने कोऱ्या वह्या असतील तर पुढच्या बैठकीला घेऊन या.