पेट्रोलचं भांडं : घासलेटच्या डब्यापासून कोल्ड्रिंकच्या बाटलीपर्यंत



भाताची झोडणी उरकली, पेंढा रचून झाला. आता बांध आणि वरकस साफ करायचे दिवस. आमच्या विठ्ठलवाडीपासून नेवाळी, मलंगगडाच्या पायथ्यापर्यंत इमारतींच्या मधे जिथे थोडीफार शेती शिल्लक आहे, तिथे सकाळपासून ग्रास कटरचा आवाज सुरू असतो. मशीन चांगल्या कंपनीचं, ब्लेड नवीन, चष्मा-हातमोजे पण घेतलेले. आणि पेट्रोल कशात आणलंय? कोल्ड्रिंकच्या बाटलीत. नाहीतर फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या कॅनमध्ये.

ह्या पानावर आपण बियाणं, खत, पाऊस ह्याच्या नोंदी ठेवतो. आज ह्या भांड्याची नोंद करतो, कारण त्याला मोठा इतिहास आहे. तो वाचत गेलो तसं एक लक्षात आलं. आपण शेतकऱ्यांनी इंधनासाठी म्हणून भांडं कधी विकत घेतलंच नाही. दुसऱ्या कशाचं तरी रिकामं झालेलं भांडं घेतलं आणि त्यात भागवलं. आजे-पणजे तसंच करत आले. फरक एवढाच की त्यांच्या डब्यात घासलेट होतं आणि आपल्या बाटलीत पेट्रोल आहे.

आधी घासलेटचं बघू. ‘गॅसलाइट’चं आपण घासलेट केलं आणि ‘रॉक ऑइल’चं रॉकेल, असं जाणकार सांगतात. हे तेल इथलं नव्हतं. अमेरिकेतून आणि रशियातून बोटीने मुंबईला यायचं. अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचं तेल पत्र्याच्या चौकोनी डब्यात असायचं, दोन डबे मिळून एक लाकडी खोकं. एका डब्यात साधारण १८ लिटर तेल.

मग १८९२ साली लंडनचा व्यापारी मार्कस सॅम्युअल ह्याने वेगळी युक्ती केली. डबे बोटीत भरण्याऐवजी तेलच बोटीच्या टाकीत भरलं. ‘म्युरेक्स’ नावाची ती बोट रशियाच्या बाटुमी बंदरातून निघाली आणि ऑगस्टमध्ये सुएझ कालवा ओलांडून पूर्वेकडे आली. डब्याचा खर्च वाचला, तेल स्वस्त पडलं. हाच सॅम्युअल पुढे शेल कंपनीचा मालक झाला. पण इथे त्याचा हिशोब चुकला. त्याला वाटलं, लोक आपापली भांडी घेऊन येतील आणि तेल भरून नेतील. लोक काही येईनात. कारण गिऱ्हाईकाला तेलाबरोबर डबा पण हवा होता! शेवटी त्याला टिनचा पत्रा पाठवून पूर्वेकडच्या देशांत डबे बनवून घ्यावे लागले. स्टँडर्डचे डबे निळे होते, म्हणून ह्याने आपले लाल रंगवले.

डबा का हवा होता, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. त्या डब्याने विहिरीतून पाणी काढलं, धान्य साठवलं, तोंड कापून बादली झाली. उभा चिरून सपाट केला की पडवीचं छप्पर झालं. तोच डबा काठीने बडवून शेतातली पाखरं आणि रानडुकरं हाकलली. मुंबईच्या चाळीत नळावरच्या रांगेत तोच. तेल संपलं तरी डबा पुढे वर्षानुवर्षं चालायचा.

घासलेट तसं सोशिक इंधन. नुसतं सांडलं म्हणून लगेच भडकत नाही. म्हणून पातळ पत्र्याचा, बूच नीट न बसणारा डबाही चालून गेला. पुढे शेतावर इंजिनं आली. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली सुरू झाली आणि डिझेलचं इंजिन विहिरीवर, नदीकाठी बसायला लागलं. काही लहान पंप पेट्रोलवर चालू करायचे आणि गरम झाले की रॉकेलवर टाकायचे. डिझेलही सोशिकच. त्यामुळे आपली सवय पक्की झाली, की डबा कसलाही चालतो.

पेट्रोलला मात्र कसलाही डबा चालत नाही. हे जगाला दुसऱ्या महायुद्धात समजलं, आणि तेही महागात पडून. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश फौज पेट्रोल न्यायची ते आपल्या घासलेटच्या डब्यासारख्याच चार गॅलनच्या पातळ पत्र्याच्या डब्यात. आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही त्या वाळवंटात लढले. ट्रकच्या धक्क्याने डब्याचे सांधे उसवायचे, पेट्रोल गळून जायचं. कोठारापासून गाडीपर्यंत पोचेस्तोवर तीसेक टक्के पेट्रोल वाया जातं, असा सेनापती ऑकिनलेक ह्यांचा अंदाज होता. रिकामा डबा अर्धा कापून, त्यात वाळू आणि पेट्रोल घालून सैनिक त्यावर चहा करायचे. त्याचा चांगला उपयोग म्हणायचा तर तेवढाच.

समोर जर्मन फौजेकडे वेगळा कॅन होता. १९३७ च्या सुमाराला त्यांनी तो बनवून घेतला होता. २० लिटरचा. दोन अर्ध्या बाजू दाबून बनवायच्या आणि मधे एकच वेल्डिंगचा सांधा. बाजूला फुलीसारखी खोबण, म्हणजे पत्रा ताठ राहतो आणि उन्हाने पेट्रोल फुगलं तर त्याला जागा मिळते. वर एक सोडून तीन मुठी. भरलेला कॅन दोघांनी मिळून उचलता येतो, आणि रिकामे असले तर एक माणूस एका हातात दोन-दोन धरून चार कॅन नेतो. झाकण खटक्याचं, पाना-पक्कड लागत नाही. तोंड आखूड आणि आत हवेची नळी, म्हणून ओतताना गचके खात नाही, अंगावर उडत नाही. वरच्या बाजूला हवेची पोकळी, त्यामुळे भरलेला कॅनही पाण्यावर तरंगतो. ब्रिटिश सैनिक जर्मनांना ‘जेरी’ म्हणायचे. त्यांचा तो जेरी कॅन. हार्डवेअरच्या दुकानात आपण मागतो तो ‘जेरीकॅन’ हा शब्द तिथला.

ह्या कॅनची एक वाट हिंदुस्थानातून जाते. १९३९ साली पॉल प्लाइस नावाचा अमेरिकन इंजिनियर एका जर्मन इंजिनियरबरोबर बर्लिनहून गाडीने हिंदुस्थानकडे निघाला. वाटेत पाणी ठेवायला काहीतरी हवं म्हणून त्या जर्मनाने बर्लिनच्या टेम्पेलहोफ विमानतळावरच्या साठ्यातले तीन कॅन उचलले. अर्ध्या वाटेत जर्मन सरकारने विमान पाठवून आपला माणूस परत नेला. पण जाण्याआधी त्याने कॅन कसा बनवायचा ते सगळं प्लाइसला सांगून टाकलं. प्लाइस एकटा कलकत्त्याला पोचला, गाडी तिथेच ठेवली आणि अमेरिकेला परतला. तिथल्या लष्कराला त्याने कॅन दाखवला, तर आधी कोणी लक्ष दिलं नाही. नंतर नक्कल केली, तीही अर्धवट. वेल्डिंगचा सांधा सोडून दुमडलेला सांधा ठेवला, खटक्याचं झाकण काढलं. पुन्हा पाना आणि नरसाळं आलं! पुढे ब्रिटिशांनी जर्मन कॅनची हुबेहूब नक्कल केली आणि युद्ध संपेपर्यंत दोस्तांचे दोन कोटींच्या वर कॅन युरोपभर पसरले होते.

त्याच युद्धाने आमचा हा पट्टाही बदलला. कल्याणच्या पुढे लष्कराची मोठी छावणी पडली, नेवाळीला शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन विमानांची धावपट्टी झाली. फाळणीनंतर त्याच छावणीच्या बराकीत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला तिचं उल्हासनगर झालं. आजही आमच्या इकडे पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’ असंच म्हणतात. नेवाळीच्या जमिनीचा प्रश्न तर अजून धुमसतोय, २०१७ चं आंदोलन सगळ्यांच्या लक्षात असेल. युद्ध संपलं, की लष्कराचा माल लिलावात निघतो आणि भंगारातून गावात येतो. पत्र्याचा तो दणकट हिरवा कॅन जुन्या ट्रकवाल्यांकडे आणि जीपच्या मागे दिसायचा तो असाच. शेतकऱ्याच्या हातात आला तोही वापरलेला.

मग प्लास्टिक आलं. पॉलिथिनचा शोध इंग्लंडच्या एका प्रयोगशाळेत १९३३ साली लागला. आपल्या ठाणे-बेलापूर रस्त्यावर १९६० च्या दशकाच्या शेवटी नोसिलचा कारखाना उभा राहिला आणि शेजारी पॉलिओलेफिन्स कंपनीत प्लास्टिकचा कच्चा माल बनायला लागला. खाद्यतेल, इंजिन ऑइल, तणनाशक असं सगळं हळूहळू प्लास्टिकच्या कॅनमध्ये आलं. पत्र्याचा डबा गंजतो, हा गंजत नाही. हलका, फुकट, घरात पडलेला. शेतकऱ्याने पुन्हा तेच केलं. रिकामा कॅन उचलला आणि इंधन भरलं. आता तर कॅन पण नको, दोन लिटरची बाटली बस.

इथे कायदा काय म्हणतो ते बघण्यासारखं आहे. आपल्याकडे पेट्रोलियमचा कायदा १९३४ चा. मापं पुढे लिटरमध्ये आली, पण कायदा तोच. २३ अंशाच्या खालीच ज्याची वाफ पेट घेऊ शकते ते ‘अ’ वर्गात, म्हणजे पेट्रोल. डिझेल आणि रॉकेल ‘ब’ वर्गात. विकायचं नसेल तर ३० लिटरपर्यंत पेट्रोल जवळ ठेवायला परवाना लागत नाही. पण ते कशात ठेवायचं हेही त्याच कलमात आहे. घट्ट बुचाचं भांडं हवं. काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर १ लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. बस एवढंच. प्लास्टिकचं नावच नाही. असणार कसं? कायदा झाला तेव्हा पॉलिथिन जन्मून वर्षच झालं होतं. परदेशात खास इंधनासाठी जाड प्लास्टिकचे कॅन बनतात आणि चालतात, पण आपल्या ह्या कलमात भांडं धातूचंच आहे. पंपावरचा पोरगा बाटलीत पेट्रोल द्यायला नाही म्हणतो तेव्हा आपण त्याच्याशी हुज्जत घालतो. तो बरोबर असतो.

धातूच का? एक तर उन्हात बाटली मऊ पडते, फुगते, बूच ढिलं होतं. दुसरं म्हणजे वीज. पेट्रोल नळीतून वाहताना घर्षणाने वीज तयार होते, थंडीत स्वेटर काढताना चटचट होतं तशीच. धातूचा कॅन जमिनीवर ठेवला आणि पंपाची नळी त्याच्या तोंडाला टेकवली, की ती वीज निघून जाते. प्लास्टिकमध्ये तिला जायला वाट नाही. टेम्पोच्या हौद्यात रबरी मॅटवर ठेवून भरला, तर धातूचा कॅनही अडकला. म्हणून कॅन खाली उतरवायचा, मगच भरायचा.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. पाणी जसं बांधाखालून उताराला लागतं तशी ती जमिनीलगत सरकते. कॅन खोपीच्या ह्या कोपऱ्यात आणि चूल त्या कोपऱ्यात, म्हणून निर्धास्त राहू नका.

इंधनाच्या कॅनच्या तोंडाशी बारीक जाळी बसवतात, म्हणजे बाहेरची ज्योत आत शिरत नाही. ह्यामागची कल्पना हम्फ्री डेव्ही ह्याने १८१५ साली कोळशाच्या खाणीतल्या कंदिलासाठी काढली होती. अमेरिकेने घरगुती पेट्रोलच्या कॅनला ज्योत अडवायची सोय सक्तीची केली ती थेट २०२० च्या कायद्याने. दोनशे वर्षं गेली मधे.

आता आपल्या कामाच्या चार गोष्टी.

पाच किंवा दहा लिटरचा, घट्ट झाकणाचा, ओतायची नळी असलेला पत्र्याचा कॅन विकत घ्या. काठोकाठ भरू नका, फुगायला जागा ठेवा. सावलीत ठेवा आणि झाकण हळू उघडा, आधी वाफ निघू दे.

मशीन बंद करून पाच-दहा मिनिटं थंड होऊ द्या, मगच ओता. सायलेन्सर तापलेला असताना बाटलीतून ओतायला गेलं आणि हात भाजला, असं आमच्या बाजूला घडलेलं आहे. तो माणूस सबंध हंगाम कामाला गेला नाही. त्याच्या घरचं गणित कोणी केलं?

टू-स्ट्रोक मशीनला ऑइल मिसळलेलं पेट्रोल लागतं, फोर-स्ट्रोकला साधं. दोन्हीचे कॅन वेगळे ठेवा आणि त्यावर रंगाने मोठं लिहा. टू-स्ट्रोकमध्ये साधं पेट्रोल गेलं तर पिस्टन जाम. ऑइल किती मिसळायचं ते मशीनच्या पुस्तकात बघा, शेजाऱ्याला विचारू नका.

पेट्रोल महिनोन्‌महिने साठवू नका. त्यात आता इथेनॉल असतं. ह्या इथेनॉलचे पहिले प्रयोग २००१ साली झाले त्या तीन ठिकाणांत आपलं मिरज आणि मनमाड होतं. आज २० टक्क्यांवर गेलंय. उसाला भाव मिळतो ते चांगलंच, पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळाभर झाकण ढिलं राहिलं, की तळाला पाणी आणि कार्बोरेटरची वाट लागते.

कर्जत-बदलापूरकडून लोकलने येणाऱ्यांनी पेट्रोलची बाटली पिशवीत टाकून चढू नये. रेल्वेच्या कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि कायदा नसता तरी, सकाळच्या गर्दीच्या डब्याचा विचार करा.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. ऑइल मिसळलेलं पेट्रोल बाटलीत रंगीत सरबतासारखं दिसतं. उन्हात तहानलेला मजूर किंवा बांधावर खेळणारं पोर ती बाटली तोंडाला लावू शकतं. असं झालंच तर उलटी काढायला लावू नका. उलटीबरोबर पेट्रोल फुप्फुसात उतरतं आणि जीवावर बेततं. तडक दवाखाना गाठा.

आज्याच्या काळी डब्याला पर्याय नव्हता, म्हणून त्याने मिळेल त्यात भागवलं. आपल्याला पर्याय आहे. ग्रास कटरला हजारो रुपये घालतो, तिथे कॅनला काहीशे रुपये जास्त नाहीत. ह्या हंगामात एवढी एक वस्तू नवीन, इंधनासाठी म्हणूनच घ्या.

तुमच्याकडे जुना घासलेटचा डबा किंवा लष्करी कॅन अजून असेल तर फोटो टाका, आणि तुमच्या भागात त्याला काय म्हणायचे तेही लिहा.

जय जवान, जय किसान.