आम्हाला पुराण द्या!

माणसाचा धर्म बदलला की त्याची प्रार्थना बदलते. पण कानाला लागलेली गोडी बदलते का? चारशे वर्षांपूर्वी गोव्यातल्या साष्टीत हा प्रश्न खरोखरच उभा राहिला. त्याचं उत्तर म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’.

स्टीफन्स मूळचे इंग्रज, जेझुइट पंथाचे. १५७९ साली ते गोव्यात आले आणि १६१९ मध्ये तिथेच वारले. काळ मोठा कठीण होता. १५६७ मध्ये पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळं पाडली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना मारलं; पुढे त्या गावच्या पुढाऱ्यांनाही मारण्यात आलं. ख्रिस्ती झालेल्या घरांतून जुन्या पोथ्या गेल्या आणि हाती उरली ती पाठ करायची धर्माची प्रश्नोत्तरं.

ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग येतो. धर्मशिक्षण चालू असताना एक जण पाद्रींना विचारतो, की जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग तशीच दुसरी आम्हाला का देत नाही?

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. नियम पाठ करून माणूस धर्मात राहील, पण मनानं वाढायला त्याला कथा लागते, लय लागते, आपली भाषा लागते. स्टीफन्सना ते उमगलं. त्यांनी जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या. पहिल्या भागात जुन्या कराराच्या कथा, दुसऱ्यात येशूचं चरित्र. शब्द मात्र इथलेच: भक्ती, मोक्ष, वैकुंठ. १६१६ साली राचोलला हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला.

मी मुसलमान, कविता मराठीत लिहितो. आदम, नूह, इब्राहीम यांच्या कथा मी घरातच ऐकलेल्या. त्या ओवीत भेटल्या तेव्हा परक्याच्या घरी आल्यासारखं वाटलं नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ही त्याच शतकातला आणि ओवीबद्धच. ओवीच्या ओसरीवर दोघांनाही जागा मिळाली.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारनं फर्मान काढलं, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या होत्या; त्यांतली एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. तरीही ग्रंथ जगला. मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांनी त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये तो मंगळूरला पुन्हा छापला. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती काढली.

ज्यांच्या पोथ्या गेल्या, त्यांच्या वंशजांनी ही पोथी जाऊ दिली नाही. वाचनालयात मिळाली तर तिचं एखादं पान मोठ्यानं वाचून पाहा. त्यासाठी ख्रिस्ती असावं लागत नाही. ओवी कानाला ओळखीची असली की पुरे.