काटा बघून दिलेला घास

मालवणात पोराला मासे-भात भरवायची एक रीत होती. बांगड्याचा तुकडा आजी आधी आपल्या तोंडात घालायची, जिभेने काटा चाचपायची, मऊ झालेला मासा बोटांनी काढून उकड्या तांदळाच्या भातात कुस्करायची आणि मग तो घास पोराला द्यायची. ‘थांब हां, काटो बघतंय,’ असं म्हणत. उष्टावणाला मुहूर्त काढलेला असायचा. त्यानंतरच्या या रोजच्या उष्ट्या घासाला कुणाला काही विचारायची गरज नव्हती. मलाही आजीने असंच भरवलं, आणि मी पुढे दातांची डॉक्टर झाले.

दवाखान्यात नातवाला घेऊन येणाऱ्या आज्यांचं म्हणणं ठरलेलं असतं. ‘बाये, आमच्या घराण्याकच दात धड नाय. माझे तसले, चेडवाचे तसले, आता नातवाचे पण तसलेच.’ खापर रक्तावर फोडलं की विषय संपतो. घराण्याचा वारसा इथे आहे खरा, पण त्यातला बराचसा रक्तातून येत नाही, लाळेतून येतो. हे सिद्ध कसं झालं, तो इतिहास मला फार आवडतो.

तोंडातले जंतू पहिल्यांदा वर्णन करून ठेवले ते हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेवेनहुकने, १६८३ साली. सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम सुरू होऊन तेव्हा १९ वर्षं झाली होती. या गृहस्थाने स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तो रोज मिठाने दात घासायचा, म्हणजे आमच्याच पंगतीतला. त्यानंतर १९२४ साली इंग्लंडमध्ये क्लार्कने किडक्या दातांतून एक जंतू वेगळा काढून त्याला स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हे नाव दिलं. साखर खाऊन आम्ल सोडणारा आणि त्याच साखरेचा चिकट थर करून दाताला घट्ट बसणारा हाच तो.

पण नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या तोंडात हा नसतो. मग येतो कुठून? १९७५ साली बर्कोविट्झ आणि जॉर्डन यांनी आईच्या आणि बाळाच्या तोंडातले हे जंतू सारखेच वागतात, असं दाखवलं. संशय बळावला, पण सारखं वागणं म्हणजे काही ओळख पटणं नव्हे. लेस्टरमध्ये ॲलेक जेफ्रीजने १९८४ साली माणसाचा डीएनए ठसा शोधला, हैदराबादला लालजी सिंग यांनी ते तंत्र आपल्या कोर्टकचेऱ्यांपर्यंत नेलं. त्याच दशकात जंतूंचेही ठसे घेतले जाऊ लागले. टोरांटोच्या कुलकर्णी, चान आणि सँडहॅम यांनी १९८९ साली म्युटन्सचा माग काढायला ही पद्धत कितपत चालते, ते तपासून पाहिलं. (परदेशी शोधनिबंधात कुलकर्णी दिसले की मला उगाचच बरं वाटतं.)

पद्धत अशी. लाळेतला जंतू वाढवायचा, त्याचा डीएनए काढायचा आणि एका विकराने ठरावीक जागी कापायचा. तुकडे जेलीच्या पातळ वडीत घालून वीज सोडायची. जाळ्याच्या आसातून बारीक मासळी निसटावी तसे लहान तुकडे पुढे सरकतात, मोठे मागे रेंगाळतात. मग रंग देऊन अतिनील प्रकाशात धरलं की पट्टे उजळतात. आईच्या जंतूचे पट्टे आणि लेकराच्या जंतूचे पट्टे शेजारी ठेवून जुळवायचे, बस्स.

ली आणि कॉफील्ड यांनी १९९५ साली अमेरिकेतल्या मायलेकरांच्या ३४ जोड्यांचे पट्टे असे जुळवले. २४ जोड्यांत ते तंतोतंत एक निघाले, आणि मुलग्यांपेक्षा मुलींच्या बाबतीत जास्त. आईचे दात लेकीला, हे ऐकून आमच्या आज्या काही चकित व्हायच्या नाहीत. त्याआधी १९९३ मध्ये कॉफील्डच्याच गटाने हा जंतू मुलांच्या तोंडात साधारण दोन वर्षांच्या सुमारास घर करतो, असं सांगितलं होतं. दाढा येतात तो हा काळ, आणि आमच्याकडे काटा बघून घास देण्याचाही.

पण म्हणून आजीला दोषी धरायला मी तयार नाही. युरोपातल्या जुन्या सांगाड्यांच्या दातांवरच्या कीटणातून डीएनए काढून २०१३ साली ॲडलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दात किडवणाऱ्या जंतूंचं राज्य खरं आलं ते औद्योगिक क्रांतीनंतर, कारखान्याचं पीठ आणि साखर स्वस्त झाल्यावर. जंतू जुना, साखर नवी. आमच्याकडेही गोड म्हणजे जत्रेतलं गुळाचं खाजं किंवा सणाला शेवयांबरोबर नारळाचा गोड रस. रोजची सकाळ पेजेची. मग मुंबईची मनीऑर्डर आली, चाकरमान्यांच्या पिशवीतून बिस्किटांचे पुडे आले, पेजेच्या जागी चहा-बिस्कीट बसलं. उष्टा घास पिढ्यान्‌पिढ्या होताच. त्यातल्या जंतूला दिवसातून चार वेळा जेवायला आपण घातलं.

स्वीडनमध्ये क्योलर आणि सहकाऱ्यांनी १९८३ सालीच एक साधा उपाय करून पाहिला होता: आधी आयांच्या तोंडातला म्युटन्स कमी करायचा. त्यांच्या मुलांच्या तोंडात तो कमी शिरला. हे वाचल्यापासून मला पोराच्या दातांआधी घरातल्या बायकांचे दात बघायची खोड आहे. परवा एका आजीला खुर्चीत बसायला सांगितलं, तर म्हणाली, ‘माझे बघून काय करतलंस गो? उरलेत चार.’ चारांतले तीन किडलेले निघाले.