पुण्याची दुर्बीण आणि देवयानीचा सोबती

शरद ऋतूतील निरभ्र रात्री, आकाशात चंद्र नसता, देवयानी नक्षत्रात धुरकट प्रकाशाचा एक ठिपका नुसत्या डोळ्यांस दिसतो. दुर्बीण लावल्यास त्याच्या दक्षिणेस दुसरा एक लहान, गोलसर ठिपका आढळतो. ल जांती या फ्रेंच ज्योतिर्विदाने तो १७४९ साली प्रथम पाहिला; मेसिएच्या यादीत त्याचा क्रमांक ३२. आज आपण त्यास लंबवर्तुळाकार दीर्घिका म्हणतो. एकोणिसाव्या शतकात मात्र तो इतरांसारखाच एक ‘तेजोमेघ’ होता, आणि तेजोमेघ मुळात आहेत तरी कशाचे, वायूचे, ताऱ्यांचे की आणखी कशाचे, हा वाद तेव्हा ऐन भरात होता. त्यात पुण्याचेही एक मत नोंदलेले आहे, हे पुणेकरांस फारसे ठाऊक नसते.

१८६४ साली हगिन्सने वर्णपटाच्या साह्याने दाखविले, की काही तेजोमेघांतून सुट्या तेजस्वी रेषा येतात, म्हणजे ते वायुरूप होत. देवयानी व तिचा सोबती यांचा वर्णपट मात्र अखंड, ताऱ्यांसारखा. पुढे लॉकियर यांनी निराळेच मत मांडले: तेजोमेघ हे उल्कांचे थवे असून त्यांतील मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमची आहे. तसे असेल तर ती एका कडेस पुसट दिसावयास हवी.

पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांचे पाच हजार रुपये व सरकारचे तितकेच, एवढ्या भांडवलावर १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. वर्णपटाच्या अभ्यासासाठी ती असावी, हा सल्ला देणाऱ्यांत लॉकियरही होते. गंमत अशी, की १८९१ साली नायगमवालांनी मृगातील तेजोमेघाची ती रेषा तपासली, तेव्हा ती दोन्ही कडांस रेखीव आढळली. आणि सल्लागाराची भीड न बाळगता त्यांनी तसे प्रसिद्धही केले. १९२७ साली बोवेन यांनी ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची असल्याचे सिद्ध केले. देवयानीचा सोबती ताऱ्यांचाच आहे, हे १९४४ साली बाडे यांच्या छायाचित्रांनी प्रत्यक्ष दाखविले.

तोवर पुण्याची वेधशाळा उरली नव्हती. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि ती बंद करण्यात आली. त्यांच्या जागी कोणी उत्तराधिकारी तयार करावा असे सरकारास वाटले नाही, हे मला आजही खटकते. वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्यास खगोलशास्त्राची मोठी संस्था, ‘आयुका’, लाभली ती १९८८ साली.